‘सर्व मंडळांत अतिवृष्टी नाही’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात जिल्ह्याच्या पानावर मथळा होता : ‘सर्व मंडळांत अतिवृष्टी नाही’. यावरून आमच्या गावात पारावर सकाळीच वाद पेटला. निम्मे म्हणाले, एकाही महसूल मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस भरला नाही, म्हणजे मदतीचे नाव काढू नका. बाकीचे म्हणाले, काही मंडळांत भरला, काहींत नाही. बातमी शेवटपर्यंत वाचल्यावर दुसरे बरोबर निघाले. पण ज्याच्या सोयाबीनमध्ये पाणी उभे आहे, तो मथळा बघूनच कपाळाला हात लावतो.

वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, अडचण तिथेच आहे. ‘नाही’ने ‘सर्व’ला नाकारले की अतिवृष्टीलाच, हे त्या शब्दांवरून ठरत नाही. बोलताना ‘सर्व’वर जोर दिला की ऐकणाऱ्याला कळते, छापील ओळीत तो जोर कुठून येणार? भाषाशास्त्रात याला नकाराची व्याप्ती म्हणतात. ‘सर्व’ आणि ‘नाही’ यांपैकी कोण कोणाच्या कक्षेत आहे हे चिन्हांनी स्पष्ट मांडण्याची सोय जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेग यांनी १८७९ मध्येच करून दिली. उपसंपादकांनी तेवढ्या खोलात जाऊ नये, पण ‘एकाही मंडळात अतिवृष्टी नाही’ किंवा ‘काही मंडळांतच अतिवृष्टी’ एवढे तरी लिहावे. दोन्हींत शंका राहत नाही आणि जागाही फार लागत नाही.

मी इतका चिडून लिहितो, कारण अशाच एका ओळीने माझ्या धाकट्या भावाचा विमा बुडवला. तेव्हा नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे. तालुक्याच्या एका कार्यालयाबाहेर फलक लागला : ‘सर्व शेतकऱ्यांनी सूचना देण्याची आवश्यकता नाही.’ भावाने वाचले, कोणीच द्यायची नाही, आणि तो निर्धास्त घरी आला. लिहिणाऱ्याच्या मनात होते, सरसकट सगळ्यांनी नको, ज्यांच्या शेतात पाणी साचले त्यांनीच द्यावी. भावाच्या शेतात गुडघाभर पाणी होते! पुढे दावा फेटाळला, कारण ‘सूचना मुदतीत नाही’. मी जाब विचारायला गेलो, तेव्हा तिथल्या माणसाने तीच ओळ ‘सर्व’वर जोर देऊन वाचून दाखवली आणि म्हणाला, “बघा काका, स्पष्टच तर लिहिलंय.” त्याच्या तोंडून ते स्पष्टच होते. फलकावर नव्हते. त्या हंगामाचे बी-खताचे पैसे भावाने उसनवारी करून फेडले.

नकार नसला तरी हा घोळ होतो. त्याच बातमीत आपण लिहिले आहे, ‘प्रत्येक गावात एक तलाठी पंचनामा करणार’. प्रत्येक गावाला वेगळा तलाठी, की एकच तलाठी सगळी गावे फिरणार? गावकऱ्यांनी आज बांधावर थांबायचे की आठ दिवसांनी, हे यावरच ठरते.

आणखी एक. पूर्वी आपण मंडळनिहाय पावसाचा तक्ता छापत होता. तो अलीकडे दिसत नाही, त्या जागी वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती असतात. तक्ता असता तर कालचा वाद दोन मिनिटांत मिटला असता. पावसाळा संपेपर्यंत तरी तो रोज छापावा, आणि मथळ्याचा खुलासा उद्याच्या अंकात त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्यावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. परभणी