खवले मांजराचा पत्ता छापू नका

‘काजूच्या बागेत खवले मांजर कॅमेऱ्यात कैद’ हे सचित्र वृत्त वाचले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे, त्यामुळे बागायतदार स्वतःहून ट्रॅप कॅमेरे (प्राणी समोर आला की आपोआप छायाचित्र टिपणारे) लावत असतील तर स्वागतच. आक्षेप आहे तो बातमीत गावासह वाडीचेही नाव देण्याला. छायाचित्राखालच्या पट्टीत तारीख-वेळ, मागे सहज ओळखू येईल असा चिऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण). शिकाऱ्याला आणखी काय हवे? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीतला हा प्राणी खवल्यांच्या तस्करीपायी मारला जातो. शिवाय धोका जाणवला की तो पळत नाही, अंगाचे वेटोळे करून जागीच बसतो. उचलायला एक पोते पुरते. अशा छायाचित्रासोबत फक्त तालुका द्यावा. नेमकी जागा वनखात्याला कळवली की झाले.

– एक वाचक, राजापूर