मिस्त्रींसाठी जागा सोडणाऱ्या काकाजींना

काकाजी, सप्रेम नमस्कार.

अभ्यासिकेचा स्लॅब भरून झाला. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही कापसाचा भाव विचारता आणि विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहे. आता वाचाच.

तुमच्याआधी ज्यांनी नकाशे काढले, त्यांचं नाव घेत नाही. लोकवर्गणीतून फी मात्र पूर्ण मोजून घेतली त्यांनी. वऱ्हाडाची काळीपिवळी भरावी तसं एका मोठ्या ए१ कागदावर प्लॅन, सेक्शन (इमारत उभी कापून दाखवलेलं चित्र), फुटिंग (कॉलमखालचा पाया), जिना, दार-खिडक्यांचा तक्ता, सगळं कोंबलेलं. सेक्शन कुठून कापला याची प्लॅनवर खूणच नाही. हातात आली ती ए३ वर छापलेली प्रत. ए१ चा ए३ केला की लांबी निम्मी होते आणि १:५० चा नकाशा १:१०० होऊन बसतो. कोपऱ्यात मात्र १:५० तसंच. आकडे इतके बारीक की मिस्त्रींनी शेवटी पट्टी लावली, तर तीन फुटांचं दार दीड फुटाचं निघालं! विचारायला गेलो तर ‘तुम्हाला त्यातलं काय समजते’ हे ऐकून परत आलो. दारव्ह्यापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

तुम्ही मात्र एकही रेघ ओढण्याआधी मिस्त्रींना विचारलंत, “नकाशा कुठं ठेवून पाहता जी?”

ते म्हणाले, “रेतीच्या ढिगावर, नाही तं सिमिटच्या पोत्यावर. वाऱ्यानं उडते म्हनून वर वीट ठेवा लागते.”

तिथंच कागद ए३ ठरला. मग एका कोऱ्या कागदाच्या घड्या घालून तुम्ही चौकटी पाडल्या आणि कोणत्या पानावर काय येणार ते आधी पेन्सिलीनं मांडलंत. पानं कामाच्या क्रमानं: सेंटर लाईन, फुटिंग, प्लिंथ म्हणजे जोतं, भिंती, दार-खिडक्यांवरचं लिंटेल, स्लॅब. प्रत्येक पानावर प्लॅन त्याच जागी, म्हणजे दोन पानं उन्हासमोर धरली की कॉलमवर कॉलम येतो. नावाची चौकट उजव्या खालच्या कोपऱ्यात, घडी घातली तरी वर दिसणारी. एक माप एकाच ठिकाणी लिहायचं, नाही तर एक बदलतं आणि दुसरं खोटं बोलत राहतं, हे तुमचंच.

पण मला लिहायचं आहे ते उजव्या कडेच्या पट्टीबद्दल. प्रत्येक पानावर चार बोटं रुंद जागा कोरी, आणि वर फक्त ‘मिस्त्रींसाठी’. मला आधी वाटलं, कागद उरला असेल. फुटिंगच्या वेळी एका कोपऱ्यात काळी माती संपेना. मिस्त्रींनी त्या पट्टीत पेन्सिलीनं लिहिलं: ‘इथं मुरूम लागला नाही. खाली जा लागते.’ मी फोटो पाठवला. तुम्ही ते इंजिनिअरला दाखवून दुरुस्त पान धाडलंत, आणि त्यावर मिस्त्रींचं वाक्य जसंच्या तसं छापलेलं होतं. शुद्धलेखन न सुधारता, खाली त्यांचं नाव आणि तारीख.

काकाजी, तो माणूस वयाच्या पंधराव्या वर्षापासून विटा रचतो आहे. त्याचं म्हणणं आजवर कुठल्या नकाशावर आलं नव्हतं. ते पान त्यानं घरी नेलं, बायकोला दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी साइटवर आणताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं.

आमच्याकडे शिकलेल्या माणसांची कमी नाही जी. तालुक्याला गेलं की काचेमागं बसलेली भेटतात. अडाण्याला समजू नये म्हणूनच कागद करतात की काय, असं वाटण्याइतकी. तुम्ही पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालव्यांचे नकाशे काढले आणि आमच्या चाळीस बाय पंचवीसच्या खोलीसाठी तेवढ्याच निगुतीनं बसलात. पैशांचं विचारलं तर म्हणालात, “पोरींची बसायची सोय खिडकीपाशी करा.” केली आहे. उत्तरेच्या खिडक्यांखाली अख्खी रांग मुलींची.

आणि हो, जिन्याच्या पानावरची पट्टी आता पूर्ण भरली आहे. वळणावरच्या पायऱ्यांबद्दल मिस्त्रींचं तुमच्याशी अजिबात पटलेलं नाही. रविवारी सकाळी ते स्वतः फोन करणार आहेत. त्यांना कापसाचा भाव विचारू नका, त्यांच्याकडे वावर नाही.

आपला,
अभ्यासिका समितीचा सचिव