सूचना : वेचणीच्या दिवसांत साखर उतरली तर

कापसाची वेचणी सुरू आहे. मधुमेहासाठीची ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी वावरात जाऊ नये. औषध काम करत राहते, पोट रिकामे. दहा-अकराच्या सुमारास हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, बोलणे अडखळते. घाम उन्हाचा समजून 'एवढा तास संपवून बसू' म्हणतात, तिथेच चुकते.

रक्तातली साखर 70 (mg/dL) च्या खाली असेल, किंवा साखर मोजायचे मशीन नसेल आणि शंका असेल, तर लगेच बसा. तीन चहाचे चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून प्या. 15 मिनिटांनी फरक नसेल तर तेवढीच पुन्हा. मग भाकर. पेढा-बिस्किटाने साखर उशिरा चढते.

गोळीच्या पट्टीवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिले असेल तर मात्र साधी साखर लवकर लागू पडत नाही. ती गोळी आतड्यात साखर फुटू देत नाही. अशांनी ग्लुकोज पावडरचीच पुडी जवळ बाळगावी. (ओटीत नको, कापसासोबत गाठोड्यात जाते.)

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, 108 लावा. ग्लिमेपिराइडवाल्याची साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या रात्री त्याला एकटे ठेवू नका.