बाबा, पोटातल्या नळीला मी हो म्हटलंय

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

फोनवर बोलले असते तर रडू फुटलं असतं, म्हणून लिहितेय. येत्या गुरुवारी अन्न द्यायला पोटात नळी बसवायची. मी डॉक्टरांना हो सांगून टाकलंय. बाबा, तुम्हीही मान हलवलीत, पण ती माझ्याकडे बघून, हे मला कळतं. अण्णाकाकांच्या वेळचं तुमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. तसं नाहीये हो हे. तीन महिन्यांत ९ किलो उतरलात, मी आणखी किती थांबायचं?

व्हिडिओ एक्स-रे चालू असताना मी पडद्याकडेच बघत होते. बेरियमची काळी रेघ घशातून उतरली आणि तिचा एक बारीक फाटा श्वासनलिकेत वळला. तुम्ही शांत बसलेले. साधा ठसकाही नाही. आई, ठसका लागला नाही म्हणजे नीट गिळलं, असं आपण समजत होतो, तिथंच फसलो. सात आठवड्यांत ३५ वेळा रेडिएशनची लाइट घेतली, त्यात घशाचे स्नायू आखडले आणि आतली जाणीवही बोथट झाली. दोनदा न्यूमोनिया झाला तो त्यामुळे. तुझ्या पेजेमुळे मुळीच नाही.

नाकातली नळी तुम्हाला दिवसरात्र टोचते, तिच्यापायी तुम्ही दारातसुद्धा येत नाही. पोटातली सदऱ्याखाली झाकते. कट्ट्यावर जाऊन बसा खुशाल. आणि गिळणं सुधारलं की ती काढताही येते.

मला ताप आला की तुम्ही बशीत चहा ओतायचात, फुंकायचात, आधी स्वतःच्या ओठांना लावून बघायचात. परवा तुमच्यापुढची बशी मी उचलून नेली, तेव्हा तुमचा हात तसाच पुढे राहिला होता. बाबा, रागावू नका ना माझ्यावर.

आता नीट ऐका. नळीतून देताना उठून बसायचं, नंतर तासभर आडवं व्हायचं नाही. दर वेळी नळीत पाणी सोडून ती साफ करायची. तोंडाने खाल्लं नाही तरी दोन वेळा ब्रश हवाच, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत उतरतात. जोर लावून गिळायचे व्यायाम चुकवायचे नाहीत. नळी आली म्हणून घसा स्वस्थ बसला तर तो गिळणं विसरेल. आई, दया येऊन एक घोटही चोरून नको. थेरपिस्टबाई सांगतील तेवढंच, त्या सांगतील तसंच.

बुधवारी रात्री पोचते. दहा दिवस रजा टाकलीय. बशी वरच्या फळीवर ठेवलीय, कपासकट.

तुमची,
मनू