फळी

बडोदे

प्रिय सुमे,

चार महिने पत्र नाही, फोनही मीच "नंतर बोलू" म्हणून ठेवून देत होते. रागाव हवी तेवढी. शुगर ठीक, गुडघे होते तसेच. आज लिहायला बसले कारण काल दुपारी जे झालं ते घरात कोणाला सांगता येत नाही.

वासणा रोडच्या डुप्लेक्सचं फर्निचर चालू आहे. पोराने डिझायनर लावलीय. मुलगी हुशार आहे. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा आपल्या भाड्याच्या घरात ओट्याखालचे पार्टिकल बोर्डचे कप्पे पावासारखे फुगले होते, फोटो पाठवला होता बघ. तिने ते ऐकलं आणि खालचे सगळे कप्पे मरीन प्लायचे करून पायांवर उचलून घेतले. देवघराचा कट्टा आईच्या हाताला येईल असा. इथपर्यंत सगळं मनासारखं.

अडलंय झोपाळ्यावर. दांडिया बाजारची फळी ती, मामांच्या माळ्यावर पडलेली. ६ फूट लांब, २ फूट रुंद, अखंड साग. खोट्या छताचा जिप्सम बोर्ड काही पेलत नाही आणि स्लॅब भरताना हूक सोडलेला नाही, म्हणून इंजिनिअरने बीम दाखवला. त्यात भोकं पाडून केमिकल अँकर बसवायचे. पण त्या बीमखाली टांगली की एक टोक जिन्याच्या वाटेत येतं. म्हणून फळी साडेचार फूट करायची, उरलेल्या दीड फुटाचं देवघराखाली शेल्फ. "आंटी, काही वाया जाणार नाही." पोराने ड्रॉइंगवर सही केली. मीही "छान" म्हटलं. का म्हटलं, गं?

साडेचार फुटांवर बसता येतं, आडवं होता येत नाही. आपल्याकडे झोपाळ्यावर नुसते बसायचे ते पाहुणे. बाबा दुपारचे त्यावरच झोपायचे. तुला गोवर आला तेव्हा तू तिथेच पडून होतीस आणि मला तासन् तास झोका द्यायला लावलास. (आणि कडी तूच तोडलीस. पन्नास वर्षं झाली, अजून कबूल करत नाहीस!)

पोरगा म्हणतो, संखेड्याहून नवा हिंचका आणू. संखेड्याचं काम मला आवडतं, तो कातलेला साग, वर लाखेचा रंग. पण आईला कुठे झोपवू त्यावर?

काल दुपारी आई पलंगावर झोपली होती. मी मिस्त्रीची टेप घेतली आणि तिचं माप घेतलं, डोक्यापासून टाचेपर्यंत. ४ फूट ८ इंच. दोन्ही टोकांना कड्यांसाठी ४-४ इंच सोडले तर ५ फूटही पुरत नाही, एवढंच मला बघायचं होतं. टेप तिच्या टाचेशी पोचली आणि माझे हात गार पडले. सुमे, झोपलेल्या माणसाचं असं माप कधी घेतात? हातातून पट्टी सटकन आत गेली, त्या आवाजाने ती जागी झाली आणि म्हणाली, "फळी आली का?"

तुझ्या आईच्या शेवटच्या आठवड्यात तू मला रात्री फोनवर जे सांगितलंस, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. काल कळलं.

रात्री सगळे झोपल्यावर मी हॉलच्या फरशीवर खडूने आखून पाहिलं. सोफ्याची एक खुर्ची काढली आणि फळी टीव्हीच्या बाजूच्या बीमला टांगली, तर ६ फूट बसते. वाटही राहते. मिस्त्री सोमवारी करवत घेऊन येतोय. पोरगा म्हणेल, आधी का नाही बोललीस, आणि त्याचं बरोबरच आहे. तू रविवारी सकाळी त्याला फोन कर. तुझं तो ऐकतो. मीही सांगणारच आहे, पण तू आधी कर.

तुझी पेन्शन सुरू झाली का? नातीची बारावी आहे ना यंदा? मोतीबिंदूचं लांबवू नकोस.

कड्या मी चिंचेने घासून ठेवल्यात. बाबांनी मधे घातलेली ती लोखंडी कडी तेवढी काळीच राहिली. डिझायनर म्हणते बदलू. ती बदलणार नाही.

तुझी,
माई