टोप पाडायला सांगणाऱ्या वायरमनदादांना

वायरमनदादा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही "होय होय, लाईट आसा मां आता?" एवढंच विचारून फोन ठेवलात. म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमच्या वाडीतल्या आणखी दोन-तीन घरांत हीच कटकट चालू होती हे मला नंतर कळलं. आपलं पोर भित्रं आहे हे कोण चारचौघांत सांगतं!

जुलैतली ती संध्याकाळ तुम्हाला इतर संध्याकाळींसारखीच वाटली असेल. शेजारचा फणस लाईनीवर आडवा झालेला, दोन रात्री वाडीत काळोख. लाईन जोडून झाली तरी आमच्याच घरात उजेड नाही, म्हणून तुम्ही गमबूट काढून माजघरात आलात. मीटरबोर्डावरून तुमच्या बॅटरीचा झोत खाली घसरला तो थेट कॉटखाली. तिथे माझा मुलगा दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून पडला होता. मी ओशाळून म्हटलं, "खेळतोय तो." तर तो आतून कुजबुजला, "हळू बोला. ती ऐकते."

दुसरा कोणी असता तर हसला असता. तुम्ही उकिडवे बसलात आणि त्याच्याइतक्याच हळू आवाजात विचारलंत, "कोण ऐकता?"

तो सात वर्षांचा आहे. मे महिन्यात मुंबईची भावंडं आंबे खायला आली आणि जाताना त्याच्या डोक्यात 'ग्रॅनी' ठेवून गेली. 2017 साली आलेला मोबाईलवरचा खेळ. एका म्हातारीने तुम्हाला जुन्या घरात कोंडलंय, पाच दिवसांत सुटायचं. तिला सगळं ऐकू येतं. हातून काही पडलं, पायाखाली फळी करकरली, की ती आवाजाच्या रोखाने येते. मग कपाटात किंवा पलंगाखाली लपायचं. सापडलात तर तिच्या हातातला दांडका, डोळ्यांपुढे काळोख, आणि पुढच्या दिवशी पुन्हा त्याच बिछान्यात जाग.

आता आमचं घर आठवा. चढताना रडणारा माळ्याचा जिना, कड्या-कोयंड्यांची दारं, आणि त्या घरात पांढरे केस मोकळे सोडून, हातात काठी घेऊन रात्री दोनदा उठणारी माझी सासू. मुंबईच्या फ्लॅटात त्या पोरांना तो नुसता खेळ होता. माझ्या मुलाला तो स्वतःच्या घराचा नकाशाच वाटला.

महिनाभर तो घरात चवड्यांवर चालत होता. ताटात चमचा वाजू द्यायचा नाही. रात्री न्हाणीकडे जायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणी पीत नव्हता, हे तर मला किती उशिरा कळलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आजीच्या कुशीत झोपणारं पोर तिची काठी वाजली की खोली सोडून जायला लागलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा भात निवडताना म्हणाल्या, "माका काय झालां गो? माझो वास येता काय?"

मी काय काय केलं त्याची यादी देत नाही, लाज वाटते. मोबाईल काढून घेतला, तर खेळ पडद्यावरून उतरून घरभर पसरला. रागावले. दृष्ट काढली. ग्रामदेवतेचा अंगारा लावला. आणि "ते खोटं आहे रे" हे तर दिवसातून दहा वेळा. त्यालाही ते खोटं आहे हे माहीत होतंच. तो म्हणायचा, "माहितेय. पण ती ऐकते."

तुम्ही मात्र त्याला "भियू नको" म्हणालाच नाहीत. लाईनीतला फॉल्ट शोधताना विचारतात तसं विचारत गेलात. कधीपासून? काय केलं की येते? कुठल्या बाजूने येते? किती वेळात? पोराने महिन्यात पहिल्यांदा सलग दहा मिनिटं त्याबद्दल बोललेलं मी ऐकलं. मग तुम्ही म्हणालात, "एक टोप घेवन ये. पाड."

तो पाडेना. तुम्ही घाई केली नाहीत, बोर्डाचे स्क्रू पिळत राहिलात. शेवटी त्याने टोप अलगद जमिनीला टेकवला. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "ह्यां पाडना नाय, ठेवना झाला." तिसऱ्या खेपेला टोप घणघणत पडला आणि पोराने तुमच्या रेनकोटाला मिठी मारली.

आवाजाच्या रोखाने म्हातारी आली. अगदी खेळातल्यासारखीच, काठी टेकत, केस मोकळे. दारात थांबली, टोपाकडे बघितलं आणि म्हणाली, "मेल्यांनो, पोचो काढलात मां! माझ्या आवशीन दिलेलो टोप तो."

"आणखी एक पाड," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्यांदा आजी आली ती ओरडत. तिसऱ्यांदा अर्ध्या वाटेवरून परत गेली. चौथ्यांदा चुलीकडूनच आवाज आला, "पाडा, पाडा, फडताळ रिकामी करा!" पाचव्यांदा काहीच नाही. पोरगा थांबला, कान देऊन उभा राहिला, आणि मग आजी का आली नाही ते बघायला स्वतःच चुलीकडे गेला. महिन्यात पहिल्यांदा. मी तेव्हा मेणबत्ती धरून उभी होते. हातावर मेण सांडलं ते नंतर कळलं.

पुढे दोन संध्याकाळी तुम्ही वायर तपासायच्या निमित्ताने आलात. वायर ठीक होती हे मला माहीत होतं. पोराला बॅटरी देऊन माळ्यावर नेलंत आणि रात्रीच्या एकेका आवाजाचा मालक शोधून काढलात. कौलावर घासते ती माडाची चुडती. टपटप होते ती पन्हळ. दडदडत पळतं ते उदमांजर, आणि त्याचा पुरावा म्हणून बियांनी भरलेली विष्ठाही दाखवलीत. (ती त्याने कागदात गुंडाळून शाळेत नेली, त्यावरून मला बोलावणं आलं. तो विषय वेगळा.) आणि काठीची ठकठक? "ती आजये, गोठ्याची कडी बघूक जाता." मग तुम्ही आरवलीच्या ग्रामदैवताचं, वेतोबाचं सांगितलंत. रात्री तो गावाच्या शिवेवरून फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला हातभर लांबीच्या नव्या चपला वाहतात. आरवली इथून जवळ, पोराने त्या चपला डोळ्यांनी पाहिलेल्या. तुम्ही एवढंच म्हणालात, "रात्री चलता तो कायम धरूकच येता असा नाय. मी पण रात्रीचोच चलतंय."

मी नंतर थोडं वाचलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जोआन कँटर नावाच्या संशोधक बाईंनी पडद्यावरच्या गोष्टींना मुलं कशी घाबरतात याचा अनेक वर्षं अभ्यास केला. अगदी लहान मुलांना "हे खरं नाही" या समजावणीचा फारसा उपयोग होत नाही, जवळ बसणं आणि भीतीच्या गोष्टीची थोडीथोडी ओळख करून देणं जास्त लागू पडतं, असं त्या सांगतात. युरोपात तर खेळांवर वयाचा आकडा छापतात आणि भीतीच्या खेळांना कोळ्याच्या चित्राची खूण असते. आमच्या माळ्यावर खरे कोळी इतके, की पोराला त्या खुणेचं काही वाटलं नसतं! पण खेळ हातात देण्याआधी मी एकदा खेळून बघायला हवा होता, ही चूक माझी. भावंडांवर ढकलून ती जात नाही.

एक गंमत तुम्हाला माहीत नाही. परवा पोराने आजीला अख्खा खेळ समजावून सांगितला, पाच दिवस, कुलपं, दांडका, सगळं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "पाच दिस पोराक घरात ठेवल्यान, नि जेवाक काय घातल्यान?" पोराला उत्तर सुचेना. खेळात जेवण नाहीच. तेव्हापासून त्या ग्रॅनीबद्दल आमच्या घरात भीतीपेक्षा तिरस्कार जास्त आहे.

सगळं सरळ झालंय असं नाही. न्हाणीचा दिवा अजून रात्रभर चालू असतो, बिल तुमच्याच खात्याकडून येईल. माळ्यावर तो एकटा जात नाही. गणपतीला मुंबईची भावंडं परत येणार आहेत, त्यांच्या मोबाईलात आता काय असेल देव जाणे. पण तो रात्री आजीजवळ झोपतो, आणि पोचा पडलेल्या टोपातच पेज हवी म्हणून हटून बसतो.

सध्या त्याला नवा नाद लागलाय. ओट्यावर डोळे मिटून बसायचं आणि पाणंदीतून कोण चाललंय ते पावलांवरून ओळखायचं. पोस्टमन ओळखतो, दूधवाली ओळखतो, आजीला तर गोठ्यातून. चतुर्थीला जेवायला याच. येताना हाक मारू नका, गमबूट घालून नुसते चालत या. बघूया ओळखतो का.

तुमची,
फणसाखालच्या घरातली वहिनी