मार्चमध्ये येत नाहीये

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आधी तेच सांगते, उगाच जीव टांगणीला नको. मार्चच्या बोटीने मी येत नाहीये. हिवाळाभर इथेच, अंटार्क्टिकात, आपल्या भारती तळावर थांबणार आहे. होकार कालच कळवला. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, पण बाबांचा आवाज ऐकून मला हो म्हणवलं नसतं.

बाबा, त्या व्हिडिओतला हिमनग अधांतरी, उलटा दिसला आणि तुम्हाला वाटलं मोतीबिंदू वाढला. तुमचे डोळे नाहीत हो, इथली हवाच तशी. आभाळ निरभ्र असलं की बर्फ आपली ऊब वर सोडत राहतो, म्हणून त्याला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. अशा थरांतून येताना प्रकाश वाकतो. मग वारा ते थर घुसळायला लागला की लांबचा खांबसुद्धा लवलवतो, आईच्या तापल्या तव्यापलीकडचा डबा लवलवायचा तसा. इथे तवा गार, एवढाच फरक. हे थर सगळ्यात घट्ट बसतात ते हिवाळ्यात, जवळजवळ दोन महिने सूर्य उगवत नाही तेव्हा. आमच्या खांबावरची उपकरणं नेमकं तेच मोजणार आहेत. उन्हाळ्याच्या नोंदी घेऊन परत आले असते तर काम अर्धंच राहिलं असतं. इस्रोच्या मंगला मणी ५६व्या वर्षी याच तळावर वर्षाहून जास्त राहिल्या, २०१६-१७ साली. मी तर केवढी लहान!

आई, पायाचं विचारू नकोस, बरा आहे. त्या दिवशी हवा स्वच्छ होती, पण वर ढग आणि खाली बर्फ, दोन्हीकडून सारखाच उजेड. सावलीच पडत नव्हती. पुढ्यातली गुडघाभर उंचीची बर्फाची पायरी मला दिसलीच नाही. पाय मुरगळला, बाकी काही नाही. वाऱ्याने भुरभुरीत बर्फ उडायला लागला की तर आम्ही बाहेरच पडत नाही. आंबोलीच्या त्या रात्री बाबांनी गाडी कडेला लावली आणि मला मांडीवर घेऊन म्हणाले, "दिसत नाही तर हलायचं नाही." मी तेच करते. जोडीशिवाय, वॉकीटॉकीशिवाय पाऊल टाकत नाही.

आत छान ऊब असते. १३४ कंटेनर जोडून बांधलेलं घर आहे, रात्री नुसतं पांघरूण पुरतं. वरणभात रोज मिळतो. तुझा मेतकुटाचा डबा अजून अर्धा आहे, मी पुरवून खाते.

आता माझं ऐका. बाबा, माझ्यासाठी ऑपरेशन थांबवायचं नाही. जानेवारीतच करून घ्या, दादा रजा टाकतोय. थेंब वेळेवर घालायचे, डोळा चोळायचा नाही, आणि स्कूटरला हात लावायचा नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही घेतलेला.

डोळ्यावरची पट्टी निघाली की तो व्हिडिओ पुन्हा बघा, बाबा. हिमनग उलटाच दिसेल.

तुमची,
छकुली